अयथार्थ ज्ञान हे ज्ञान कसे?

तुलनात्मक निबंधासाठी तुम्ही पत्रातून विचारलेले तीन प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला उद्देशून आहे हे वाचणाऱ्याला कळेल. पहिला प्रश्न असा, की पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेच्या तुमच्या पाठ्यपुस्तकात ज्ञानाची व्याख्या ‘समर्थित सत्य विश्वास’ अशी दिलेली आहे आणि तिच्यानुसार असत्य ज्ञान संभवतच नाही. उलट तर्कसंग्रहात, म्हणजे न्याय या भारतीय तर्कप्रधान दर्शनाच्या प्रवेशग्रंथात, अन्नंभट्ट ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन प्रकार करून अनुभवाचे पुन्हा यथार्थ आणि अयथार्थ असे दोन भाग पाडतात, म्हणजे ज्ञान चुकीचेही असू शकते. मग या दोन परंपरा परस्परविरोधी मानायच्या का? दुसरा प्रश्न, शब्दाला, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेल्या वाक्याला, प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन, मानणे म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर डोळे मिटून विसंबणे नाही का? आणि तिसरा, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो: प्रमाणे खरी आहेत हे कोणत्या प्रमाणाने ठरवायचे?

बडोद्यात मी तीसहून अधिक वर्षे हा विषय शिकवला. समोर बसणारी मुले घरी मराठी, बाहेर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी असत. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या पहिल्या प्रश्नातली अडचण बव्हंशी सिद्धांतांची नाही, शब्दांची आहे. ‘ज्ञान’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि तो फरक ओळखण्यासाठी मराठी माणसाला ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही, कारण आपल्या क्रियापदांनी तो आधीच जपून ठेवला आहे.

ही दोन वाक्ये पाहा: ‘मी समजत होते की ग्रंथालय उघडे आहे’ आणि ‘मला समजले की ग्रंथालय उघडे आहे’. धातू एकच आहे. पहिल्या वाक्यात ग्रंथालय बंद निघाले तरी वाक्य खोटे होत नाही, उलट ते बंद निघाले असावे अशीच ऐकणाऱ्याची अपेक्षा होते. दुसऱ्या वाक्यात मात्र ग्रंथालय उघडे असल्याची हमी बोलणारी देते. ‘मी’च्या जागी ‘मला’ आला आणि समजुतीचे आकलन झाले. पाश्चात्त्य ग्रंथांत ज्याला आपण ‘विश्वास’ असे भाषांतरित करतो ती गोष्ट पहिल्या वाक्यातली आहे, आणि तिला नेमका मराठी शब्द ‘समजूत’ हा आहे. ‘विश्वास’ म्हटले की मनात भरवसा, निष्ठा, माणसावर टाकलेला भार असे अर्थ येतात. ‘समोर खांब आहे’ या साध्या समजुतीत भरवशाचा किंवा निष्ठेचा लवलेशही नसतो. दुसऱ्या प्रश्नात तुम्हाला शब्दप्रमाण संशयास्पद वाटते, त्यालाही काही अंशी हे भाषांतरच कारणीभूत आहे.

आता ‘कळणे’ आणि ‘माहीत असणे’ यांकडे वळू. ‘मला आत्ता कळले’ ही घटना आहे. ती एका क्षणी घडते आणि संपते. ‘मला माहीत आहे’ ही स्थिती आहे. मी झोपले असतानाही माझे नाव मला माहीत असते. ‘मला चुकीचे कळले’ असे आपण सहज म्हणतो. ‘मला चुकीचे माहीत आहे’ हे वाक्य मात्र कानाला खटकते, आणि तिथे आपण शब्द बदलून ‘माझी माहिती चुकीची होती’ असे म्हणतो. न्यायदर्शनातले ‘ज्ञान’ हे कळण्याच्या जातीचे आहे, आत्म्याच्या ठिकाणी उत्पन्न होऊन लगेच नष्ट होणारा एक गुण. पाश्चात्त्य ग्रंथांतले ज्ञान हे माहीत असण्याच्या जातीचे आहे. कळणे चुकीचे असू शकते, म्हणून अयथार्थ ज्ञान हा शब्दप्रयोग न्यायाच्या भाषेत निर्दोष आहे. माहीत असणे चुकीचे असू शकत नाही, म्हणून असत्य ज्ञान हा शब्दप्रयोग दुसरीकडे व्याघाती, म्हणजे स्वतःशीच विसंगत, ठरतो. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे खंडन करत नाही.

(बडोद्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट येथेच नोंदवते. गुजरातीत ‘मने तरतां आवडे छे’ याचा अर्थ ‘मला पोहता येते’ असा होतो, आणि नव्याने आलेल्या मराठी माणसाला ते ‘मला पोहायला आवडते’ असे ऐकू येते. मराठीने या कौशल्यवाचक ज्ञानासाठी ‘येणे’ हे क्रियापद राखून ठेवले आहे, गुजरातीने ‘आवडवुं’. ‘पाण्यात शरीर तरंगते हे माहीत असणे’ आणि ‘पोहता येणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. आपल्याकडे ते रोजच्या बोलण्यात आहे. पुढचे सारे विवेचन ‘अमुक असे आहे’ या आकाराच्या ज्ञानापुरतेच आहे, कौशल्याचे नाही.)

मग पाश्चात्त्यांच्या ज्ञानाच्या जवळपास बसेल असा न्यायाचा शब्द कोणता? ‘प्रमा’. तिचे लक्षण अन्नंभट्टांनी ‘तद्वति तत्प्रकारकोऽनुभवः’ असे केले आहे. म्हणजे वस्तूत जो धर्म खरोखर आहे तोच धर्म तिच्या ठिकाणी भासवणारा अनुभव. शिंपल्यात शिंपलेपणा आहे. त्याच्या ठिकाणी चांदीपणा भासला की तो अनुभव अप्रमा. पण प्रमा आणि ‘माहीत असणे’ यांनाही पूर्णपणे एक मानू नका. लक्षणात ‘अनुभव’ हा शब्द मुद्दाम घातला आहे, आणि त्यामुळे स्मृती बाहेर पडते. तेराच्या पाढ्यात तेरा साते एक्याण्णव हे मला लहानपणापासून माहीत आहे. पाश्चात्त्य दृष्टीने ते माझे ज्ञान आहे, न्यायाच्या दृष्टीने आज मला होणारे त्याचे स्मरण ही केवळ संस्कारातून, म्हणजे जुन्या अनुभवाच्या मागे उरलेल्या ठशातून, उठलेली स्मृती आहे, मग ती कितीही बिनचूक असो. प्रमा म्हणजे खरा अनुभव, नुसती खरी आठवण नव्हे. तुलनात्मक निबंधांत हा फरक वारंवार सांडतो, म्हणून त्यावर थोडे थांबले.

‘ज्ञान’ शब्दाचा तिसराही एक अर्थ मराठी मनात असतो, तो अध्यात्माचा. गीतेच्या तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व इत्यादी गुणांची मालिका सांगून तिलाच ज्ञान म्हटले आहे, आणि दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थ रामदासांनी अनेक विद्या-कलांची नावे घेऊन ते ज्ञान नव्हे, आत्मज्ञान तेच ज्ञान, असा निर्णय दिला आहे. तो विषय स्वतंत्र आहे. निबंधात तो येथे आणू नका.

आता ‘समर्थित सत्य विश्वास’ या व्याख्येकडे. मी तिला ‘आधार असलेली खरी समजूत’ असे म्हणेन, कारण मराठीत समर्थन हे बहुधा नंतर केले जाते आणि कधी कधी चुकीच्या गोष्टीचेही केले जाते. आधार हा समजुतीच्या तळाशी मुळातच असावा लागतो. पुस्तके सांगतात की ही व्याख्या प्लेटोची आहे. हे अर्धवट खरे आहे. ‘थिएटीटस’ या संवादात खरे मत आणि त्याला विवरणाची जोड, असा ज्ञानाचा प्रस्ताव येतो हे बरोबर. पण संवादाच्या शेवटी सॉक्रेटिस तोही प्रस्ताव फेटाळतो. प्लेटोने ती तपासली आणि अपुरी ठरवली, असे लिहिलेत तर अधिक अचूक होईल.

व्याख्या का अपुरी पडते ते विश्वामित्रीच्या काठावर उभे राहून पाहू. या नदीत मगरी आहेत हे बडोद्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. पुलावरून खाली पाहताना चिखलाच्या कडेला काहीतरी लांबट, करडे दिसते आणि मनात ‘ओंडका की मगर?’ असे दोन पक्ष उभे राहतात. न्यायग्रंथांत याच अवस्थेला संशय म्हणतात आणि तिचे रूढ उदाहरण ‘स्थाणू (खांब) की पुरुष’ हे आहे. मराठीतल्या ‘त्याच्यावर माझा संशय आहे’ या वापराशी त्याचा संबंध नाही. समजा, पाठीवरचे खवले दिसल्यासारखे वाटले, संशय मावळला आणि मी ठरवले की या वळणावर मगर आहे. वस्तुतः मी पाहिलेला ओंडकाच होता, खवले म्हणजे त्याची फुटलेली साल. परंतु त्याच ओंडक्याच्या मागे, मला न दिसणारी एक खरी मगर पडलेली होती. ‘या वळणावर मगर आहे’ ही माझी समजूत खरी आहे. तिला आधारही आहे, कारण चांगल्या उजेडात, निरोगी डोळ्यांनी, लक्ष देऊन मी पाहिले. तरी मगर असल्याचे मला माहीत होते असे तुम्ही म्हणाल का? मी म्हणणार नाही. माझे म्हणणे योगायोगाने खरे ठरले.

एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये ‘ॲनालिसिस’ या नियतकालिकात अवघ्या तीन पानांचा लेख लिहून याच घडणीची दोन उदाहरणे दिली, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेचा मोठा भाग त्या तीन पानांना उत्तर देण्यात गेला आहे. तुम्ही निबंधात याच्या शेजारी बाराव्या शतकातल्या श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताला बसवा. ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात तो विचारतो, की कोणी मूठ मिटून आत किती कवड्या आहेत असे विचारले आणि दुसऱ्याने अंदाजाने ‘पाच’ म्हटले, व त्या पाचच निघाल्या, तर ती प्रमा का मानू नये? धुके पाहून त्याला धूर समजणाऱ्याने अग्नीचे अनुमान करावे आणि तेथे खरोखर अग्नी असावा, हाही प्रकार आपल्या प्राचीनांना परिचित होता. त्यांनी गेटियरचा सिद्धांत आधीच मांडला होता असा दावा मात्र करू नका. श्रीहर्षाचा रोख प्रमेचे कोणतेही लक्षण टिकत नाही हे दाखवण्याकडे होता. त्याला सुधारलेली व्याख्या नको होती, व्याख्या करण्याचा हट्टच मोडायचा होता.

न्यायाकडून मगरीच्या उदाहरणाला काय उत्तर मिळेल? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, आधी ज्ञानाचे तुकडे वेगळे करील. समोरच्या वस्तूला उद्देशून झालेले ‘ही मगर आहे’ हे ज्ञान स्पष्ट भ्रम आहे, कारण ओंडक्यात मगरपणा नाही. त्यावरून पुढे निघालेले ‘या वळणावर मगर आहे’ हे ज्ञान वस्तुस्थितीशी जुळते. मग तो विचारील की हे दुसरे ज्ञान कोणत्या करणातून, म्हणजे साधनातून, निपजले, आणि भ्रमातून निपजलेले असल्यामुळे त्याच्यामागे प्रमाण उभे नाही, असे सांगेल. येथे न्यायाचे बळ मला जाणवते: ज्ञानाची प्रत ठरवताना ते जन्मकथा विचारते. पाश्चात्त्यांत ॲल्विन गोल्डमन यांनी १९६७ मध्ये समजूत आणि वस्तू यांच्यातल्या कार्यकारणसंबंधावर, आणि १९७९ मध्ये समजूत घडवणाऱ्या प्रक्रियेच्या भरवशाच्या असण्यावर जो जोर दिला, तो याच दिशेचा आहे. तुलना करायचीच असेल तर ती येथे फलदायी होते.

कोणते दर्शन किती प्रमाणे मानते ही यादी तुम्हाला पाठ असेलच: चार्वाक एक मानतात, बौद्ध आणि वैशेषिक दोन, सांख्य तीन, नैयायिक चार, प्राभाकर मीमांसक पाच, भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा. ही संख्या पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा मराठीतले फसवे शब्द सांभाळा. येथे ‘प्रमाण’ म्हणजे मिठाचे प्रमाण किंवा टक्केवारी नव्हे, प्रमेचे असाधारण साधन. ‘हेतू’ म्हणजे मनातला उद्देश नव्हे, अनुमानाला टेकू देणारे चिन्ह. ‘साध्य’ म्हणजे जे सिद्ध करायचे ते, आणि ‘पक्ष’ म्हणजे ज्या ठिकाणी ते सिद्ध करायचे ते ठिकाण. ‘डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे’ या रूढ अनुमानाविषयी उत्तरपत्रिकांत ‘डोंगराचा हेतू धूर हा आहे’ अशी वाक्ये मी पुष्कळ वाचली आहेत, आणि ती लिहिणारी मुले मंद नव्हती. त्यांना कोणी शब्दांचा जुना अर्थ थांबून सांगितलेला नव्हता.

अनुमानाविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण आपल्या शहराला ते लागू पडते. न्यायसूत्र या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथावरील भाष्यात वात्स्यायन शेषवत् अनुमानाचे, म्हणजे कार्यावरून कारणाचे, उदाहरण देतात ते नदीचेच: नदी भरून वाहताना दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे कळते. आणि दुसऱ्या अध्यायात सूत्रकार स्वतःच त्यावर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचा आक्षेप, उभा करतात, की नदी खालच्या बाजूला अडवल्यामुळेही फुगते, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. पावसाळ्यात काळ्या घोड्याच्या पुलापाशी उभे राहा, हा पूर्वपक्ष पुस्तकी वाटणार नाही. २६ फूट ही तेथली धोक्याची पातळी. शहरावर आकाश स्वच्छ आहे आणि पाणी चढते आहे. पावागडच्या बाजूला, जिथून ही नदी निघते, तिथे पाऊस झाला असेल. किंवा आजवा सरोवरातून पाणी सोडले असेल, आणि पाऊस दोन दिवसांपूर्वीच थांबला असेल. किंवा विश्वामित्री पुढे ज्या ढाढर नदीला मिळते तीच तुडुंब असल्यामुळे हिचे पाणी ओसरत नसेल, जो सूत्रातला ‘रोध’ होय. एका कार्याची तीन कारणे संभवत असताना त्यांतले एक धरून बसणे हे अनुमान झाले का?

उत्तर असे दिले आहे की पाणी वाढले एवढ्यावरून जाणकार अनुमान करतच नाही. प्रवाह पूर्वीपेक्षा वेगवान आहे, फेस पुष्कळ आहे, फळे, पाने आणि लाकडे वाहून येत आहेत, असा विशिष्ट पूर पाहणारा माणूस वर पाऊस पडल्याचे अनुमान करतो. अडवल्यामुळे फुगलेले पाणी संथ असते, त्यात हे काही नसते. त्यानंतर वात्स्यायन एक वाक्य लिहितात, जे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे: हा अपराध अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नाही. व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा नेमाचा संबंध, ही ‘भरलेली नदी’ आणि ‘पाऊस’ यांच्यात नाहीच. ती ‘अशा-अशा रीतीने भरलेली नदी’ आणि ‘पाऊस’ यांच्यात आहे. हेतू जितका नेमका, तितके अनुमान खात्रीचे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस शहरात पूर शिरला तेव्हा जुनी माणसे गच्चीवरून पाण्याचा रंग, वेग आणि त्यावर काय वाहते आहे हे न्याहाळत होती. कोणीही त्यांना न्यायभाष्य शिकवलेले नव्हते. पण ते करत होते ते नेमके याच जातीचे काम होते.

आता दुसरा प्रश्न, शब्दाचा. न्यायाची व्याख्या ‘आप्तोपदेशः शब्दः’ अशी आहे, आणि ‘आप्त’ हा मराठीतला आणखी एक फसवा शब्द. आपण आप्तेष्ट म्हणतो तेव्हा नातलग अभिप्रेत असतात. न्यायात आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा माणूस. वात्स्यायन पुढे स्पष्टच म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. आप्तपणा हा जन्माने, पदाने किंवा नात्याने येत नाही; तो त्या विषयापुरता आणि त्या वेळेपुरता असतो.

पुराची रात्र आहे असे समजा, आणि मोबाइलवर पुण्याच्या आत्येभावाचा संदेश येतो की आजव्याची पाळ फुटली. तो मराठी अर्थाने आप्त आहे. न्यायाच्या अर्थाने तो आप्त नाही, कारण त्याने सरोवर पाहिलेले नाही, त्याला कोणीतरी पाठवलेले त्याने पुढे पाठवले. त्याची तळमळ खरी असली तरी पहिली अट पुरी होत नाही. उलट पुलावरच्या मोजपट्टीजवळ नेमलेला अनोळखी माणूस पातळी सांगतो, तो या विषयात आप्त आहे. शब्दप्रमाण मानणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हे या उदाहरणावरून दिसेल. सांगणाऱ्याला कसे कळले आणि त्याला खोटे सांगण्याचे कारण आहे का, हे दोन प्रश्न त्या व्याख्येतच बसवलेले आहेत. प्रत्येक वाक्यापाशी थांबून ते मोठ्याने विचारावे लागतात, असा याचा अर्थ नाही. रस्ता विचारल्यावर आपण सांगणाऱ्याची उलटतपासणी घेत नाही. शंकेला कारण दिसले की मात्र ते विचारता येतात, आणि विचारलेच पाहिजेत.

शब्दाला वगळून जगता येईल का, हेही पडताळून पाहा. स्वतःची जन्मतारीख तुम्हाला कोणत्या प्रत्यक्षाने कळली? बौद्ध आणि वैशेषिक शब्दाला अनुमानात जमा करतात: हा माणूस विश्वसनीय आहे, म्हणून त्याचे वाक्य खरे असले पाहिजे. नैयायिकांचा त्याला आक्षेप असा, की वाक्य ऐकताच अर्थ कळतो, आणि त्या कळण्यात धूर-अग्नीसारखी व्याप्ती आठवण्याची पायरी सापडत नाही. माझा कल येथे नैयायिकांकडे आहे, परंतु हा वाद अजून मिटलेला नाही आणि आजच्या पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेतही साक्षीवरून मिळणाऱ्या ज्ञानाविषयी जवळपास हेच दोन पक्ष आहेत.

तिसरा प्रश्न. तो ज्याने सर्वांत निष्ठुरपणे विचारला, त्याचा ग्रंथ आपल्याच शहरातून प्रकाशात आला. साधारण आठव्या-नवव्या शतकातला जयराशी भट्ट आणि त्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’. पाटणच्या जैन ग्रंथभांडारात ताडपत्रावर तो टिकून होता, आणि १९४० मध्ये पंडित सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ८७ वा ग्रंथ म्हणून बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रसिद्ध केली. सुखलालजींची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली होती; त्यांची सारी विद्या दुसऱ्यांच्या वाचनातून, म्हणजे कानांवाटे आलेली होती. शब्दासह सर्व प्रमाणांना नाकारणारा ग्रंथ त्यांनी इतक्या काळजीने जगापुढे ठेवला, याचे मला नेहमी मनापासून अप्रूप वाटत आले आहे.

जयराशी न्यायाच्या प्रत्यक्षलक्षणातला, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या व्याख्येतला, ‘अव्यभिचारि’, म्हणजे न चुकणारे, हा शब्द पकडतो आणि विचारतो: ते चुकलेले नाही हे तुम्हाला कळते कशावरून? त्याला उत्पन्न करणारी कारणे निर्दोष आहेत म्हणून? पण डोळ्याचा निर्दोषपणा डोळ्याला दिसत नाही. आणि ज्ञान बरोबर आहे म्हणून डोळा निर्दोष मानावा, तर वर्तुळ पुरे होते. नंतर बाधक ज्ञान, म्हणजे आधीचे खोटे ठरवणारे ज्ञान, आले नाही म्हणून? पण मृगजळ पाहून माणूस दुसऱ्या वाटेने निघून गेला, तर त्यालाही बाधक ज्ञान येत नाही. कृती सफल झाली, पाणी मिळाले म्हणून? पण मिळालेले पाणी तेच कशावरून, जे लांबून दिसले होते. मध्यंतरी मासे आणि म्हशी त्यात घुसळल्या आहेत. शिवाय ‘पाणी मिळाले’ हेही एक ज्ञानच, आणि त्याची परीक्षा पुन्हा कोण करणार?

या प्रश्नावर परंपरेत दोन मोठी उत्तरे आहेत. मीमांसक म्हणतात की ज्ञानाचे खरेपण स्वतःच भासते, खोटेपण मात्र बाहेरून कळते. म्हणून बाधक येईपर्यंत परीक्षेची गरज नाही. नैयायिक म्हणतात की दोन्ही बाहेरूनच कळतात, आणि सफल कृती ही त्यांची मुख्य कसोटी. वरवर पाहता नैयायिक अनवस्थेत, म्हणजे कधीच न संपणाऱ्या मालिकेत, सापडतात, कारण प्रत्येक परीक्षेला दुसरी परीक्षा हवी. पण त्यांची भूमिका नीट वाचा: खरेपण कळण्यासाठी परीक्षा लागते, पण कृतीला प्रवृत्त होण्यासाठी ती आधी झालेली असावी लागत नाही, आणि जिथे शंकाच उठत नाही तिथे परीक्षेचा प्रश्नही उठत नाही. ‘असणे’ आणि ‘असल्याचे कळणे’ हे दोन निराळे आहेत. माझे ज्ञान प्रमा असू शकते, ती प्रमा आहे हे मला अजून कळलेले नसतानाही. तुमच्या प्रश्नात या दोन गोष्टी एकत्र गुंफल्या गेल्या आहेत. त्या सोडवल्या की प्रश्नाचा अर्धा भार उतरतो.

उरलेल्या अर्ध्या भारासाठी नैयायिक उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ पाहा. तेथे ‘व्याघातावधिराशङ्का’ असा चरण आहे: शंकेची मर्यादा व्याघात, म्हणजे स्वतःच्याच वागण्याशी विरोध. चौदाव्या शतकात नैयायिक गंगेशांनी तो धागा विस्ताराने चालवला: धुरासाठी जो नेमाने विस्तव शोधतो, भूक भागावी म्हणून जो अन्नाकडे जातो, दुसऱ्याला कळावे म्हणून जो शब्द उच्चारतो, त्याला ‘धूर विस्तवाशिवायही होत असेल’ अशी शंका बोलता येते, पण ती शंका त्याच्याजवळ खरोखर आहे असे म्हणता येत नाही. जयराशीचे वाक्यही आपल्याला कळावे म्हणून लिहिलेले वाक्य आहे. हे उत्तर त्याला पुरते जिंकते असे मला वाटत नाही. तो म्हणेल, मी माझे मत मांडतच नाही, तुमच्याच अटी तुमच्यापुढे ठेवतो. आणि श्रीहर्षाने तर उदयनाचाच श्लोक थोडा बदलून त्याच्यावर उलटवला आहे. पण शंका घेणे हे फुकटचे काम नाही, शंकेलाही कारण दाखवावे लागते, एवढे उदयन निश्चितपणे सिद्ध करतात. १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथात सर्वच गोष्टींविषयी शंका घेऊन पाहिली. तो ग्रंथ वाचताना हा चरण जवळ ठेवा, आणि तेथली कोणती शंका सकारण आहे व कोणती नुसती उच्चारलेली, हे समासात नोंदवत जा.

निबंधाच्या पहिल्या पानावर शब्दांचा ठराव लिहून टाका, म्हणजे परीक्षकाशी वाद उरणार नाही: न्यायाच्या संदर्भात ‘ज्ञान’ म्हणजे होणारी जाणीव, खरी किंवा खोटी, ‘प्रमा’ म्हणजे खरा अनुभव, पाश्चात्त्य संदर्भात ‘ज्ञान’ म्हणजे माहीत असणे, ‘विश्वास’ऐवजी ‘समजूत’, ‘समर्थन’ऐवजी ‘आधार’. विद्यापीठाच्या परिभाषेत ‘विश्वास’ हाच शब्द सक्तीचा असेल तर तो वापरा, पण त्यासोबत एक वाक्य जोडा की येथे भरवसा अभिप्रेत नाही. तर्कसंग्रहाचे बुद्धिप्रकरण संस्कृतातूनच वाचा, ते थोडक्या पानांचे आहे. ‘तत्त्वोपप्लवसिंह’ मात्र पहिल्या वाचनात एकटीने वाचू नका. प्रत्यक्षलक्षणाच्या खंडनाचा सुरुवातीचा भाग आपण दोघी मिळून वाचू, आणि त्यासाठी न्यायसूत्राच्या पहिल्या अध्यायातले चौथे सूत्र शब्दशः पाठ करून या, कारण जयराशी त्याचा एकेक शब्द सुटा काढूनच हल्ला करतो.